जागेवर दार नाही

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
लघुवाद न्यायालयाची लिफ्ट बंद आहे,
मी रोज चार मजले चढतो.
बेलीफ आहे. शहाणपणाचा भत्ता मिळत नाही.

आजचं समन्स माझगावचं.
त्रिंबक विजयकर विरुद्ध हिल्डा घोन्साल्विस.
वरच्या गॅलरीतल्या अबोलीच्या कुंडीतून
खाली दांडीवरच्या तीन शर्टांवर
मातीचं पाणी ठिबकलं,
सबब चौदाशे रुपये, व्याजासह.
दावा लागला तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती.
आता ती ऐरोलीच्या बँकेत
लोकांची कर्जं नामंजूर करते.

एकोणीस वर्षांत या ठिबकण्यानं
चार न्यायाधीश पाहिले, वकील सात.
एक फाईल उंदरांनी खाल्ली, तिची दुसरी बांधली.
एकदा पुराव्यात शर्टच आणला होता, पुडक्यात.
सुतळी सोडली तर डाग उडून गेलेला.
तेवढ्यावरून दोन्हीकडचे वकील
नाताळच्या सुट्टीपर्यंत बोलले.

विजयकरांना मी विचारलं होतं, चहाच्या गाडीवर,
काका, वर जाऊन सांगितलं का नाही?
म्हणाले, मी का म्हणून जाऊ?
मध्ये एक जिना होता. बावीस पायऱ्या.
कोर्टाच्या किती झाल्या, त्याचा हिशेब करायला बसलो
आणि चहा निवला.

त्याच बोर्डावर एकसष्टाव्या नंबरला
यमुना कुडतडकर.
घरमालकानं तिचा नळ तोडलाय,
सत्तावीस महिने झाले.
मागच्या बाकावर बसते, पिशवीत रेशनकार्ड,
भाड्याच्या पावत्या, रबरबँड लावून.
चौदाव्या नंबरचं ठिबकणं संपेतो चार वाजतात.
साडेचारला गल्लीत पाणी येतं,
ती घड्याळाकडे बघते, उठते.
नंतर केव्हातरी पुकारा होतो.
अर्जदार गैरहजर, असं कागदावर येतं.
कुठे हजर आहे ते येत नाही.

माझगावला पोचलो तर इमारत नाही.
निळे पत्रे. आत खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी.
वॉचमन म्हणाला, हिल्डाबाई?
त्यांना जाऊन तीन वर्षं झाली,
ही बिल्डिंगपण त्यांच्या मागोमागच.
आणि विजयकर?
ते मुलाकडे, ठाण्याला. बिल्डर भाडं देतो.
(तरी तारखेला येतात. इस्त्रीच्या शर्टात.)

नियम असा, की प्रतिवादी न सापडल्यास
शेवटच्या पत्त्याच्या दारावर समन्स डकवावं.
मी पत्र्यावर डकवलं.
पंच दोन, वॉचमन आणि शहाळीवाला.
शहाळीवाल्यानं विचारलं, काय गुन्हा केला बाईनं?
मी म्हटलं, झाडाला पाणी घातलं.

कायदे सुधारायला म्हणे समित्या बसतात,
मोठ्या टेबलांभोवती, अहवाल जाडजूड.
मला कुणी विचारणार नाही. तरी सांगून ठेवतो.
दाव्याच्या फॉर्मवर पहिलाच रकाना हवा,
आधी दार वाजवलं होतंत का?
नसेल तर घरी जा, स्टँप परत.
आणि ज्यानं नुसत्या खुमखुमीनं दावा लावला
त्याला दंड नको. दंड भरतात लोक,
वर पावती फ्रेम करतात.
त्यानं एकसष्टाव्या नंबरचं पाणी भरावं,
तीन मजले, कळशीनं, निकाल लागेस्तोवर.
मग बघा निकाल कसे लागतात.

रिपोर्टमध्ये लिहिलं,
जागेवर दार नाही. गॅलरी नाही. कुंडी नाही.
प्रतिवादी मयत.
शिरस्तेदार चष्म्यावरून बघत म्हणाले,
वारस शोधा, रेकॉर्डवर आणायला लागतील.
गोव्याला एक पुतण्या आहे म्हणे.

पिशवीत अजून एक कागद होता,
यमुनाबाईंना पुढच्या तारखेची नोटीस.
तिसऱ्या मजल्यावर गेलो. पायऱ्या ओल्या होत्या.
इथं दार होतं, दाराला कडी.
वाजवली.
आतून आवाज आला,
लोटा, उघडंच आहे,
माझ्या हातात कळशी आहे.